आधी हात, मग पाना

काल रात्री फोन ठेवताना तू म्हणालीस, "ताई, तू झोप आता. शनिवारी मी ते काम उरकून टाकते." त्या 'उरकून टाकते'नंच माझी झोप उडवली बघ. पडदे शिवायचे असते, मेथीचे वाफे करायचे असते, तर मी काही बोलले नसते. पण तू पिकअपच्या ॲक्सिलरेटरचा सेन्सर उचलून दुसरीकडे बसवायला निघाली आहेस. ड्रिल आणलंस, पत्र्याची पट्टी आणलीस, जागासुद्धा ठरवलीस. शेजारच्या गृहस्थांनी सांगितलं, "बॅटरीखाली आहे तो, तिथे त्याची वाटच लागते, वर घे," आणि तुला ते पटलं. मलाही पटतं. तरीपण आज निवांत बसून, दोघीच आहोत असं समजून, सगळं सांगते. मधे फोन आला तरी घेऊ नकोस.

एक गोष्ट तुला आजवर सांगितलेली नाही, ती आधी सांगते.

तीन वर्षांपूर्वीचा जानेवारी. इथे इंडियानात, माझ्या पिकअपमधून सेमूरहून कोलंबसकडे इंटरस्टेट ६५ वरून येत होते. मागे ट्रेलर, ट्रेलरवर गवताच्या गाठी, मागच्या सीटवर आमचं पिल्लू. चढणीवर एकाएकी गाडीनं जोर सोडला. पाय तळापर्यंत दाबलेला, आणि इंजिन मात्र आपलं संथ, घराच्या दारात उभं असल्यासारखं धडधडतंय. बंद पडलं असतं तर कळलं तरी असतं! बंद नाही, आवाज नाही, धूर नाही. पाय सांगतोय आणि ऐकणारं कुणी नाही. आरशात अठरा चाकांचा ट्रक मोठा मोठा होत चाललेला. चारी दिवे लावले, जेवढा वेग उरला होता तेवढ्यावर कडेच्या पट्टीत घातली आणि थांबले. मागून आवाज आला, "आई, आपण का थांबलो?" मला उत्तर देता येईना. किल्ली बंद केली, पुन्हा फिरवली, आणि काही झालंच नाही अशी गाडी चालू लागली.

घरी आले आणि दोन दिवस कुणाला काही बोलले नाही. भीती वाटली की घरातले म्हणतील, विकून टाक ते धूड. तिसऱ्या दिवशी किराणा दुकानाच्या आवारात पुन्हा तेच झालं, तेव्हा बॉनेट उघडलं. डाव्या बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी फुललेली. ती मी दिवाळीपासून पाहत होते गं! पाहत होते आणि उन्हाळ्यात करू म्हणत होते. ते आम्ल ट्रेवरून ओघळत खाली गेलं होतं, आणि खाली नेमका हाच सेन्सर आणि त्याचा कनेक्टर. दोष इंजिनाचा नाही, गाडीचाही नाही, दुर्लक्ष माझं. त्या दिवशी आमचं नशीब चांगलं म्हणून मी आज तुझ्याशी बोलते आहे.

पुढचंही ऐक, कारण खरा धडा तिथेच आहे. एका गॅरेजमध्ये गाडी दिली. त्यांनी अख्खी सेन्सर असेंब्ली नवी घातली, पैसे घेतले, किल्ली दिली. महिन्याभरानं तोच आजार! कनेक्टरच्या पिना तशाच खाल्लेल्या होत्या, आणि बॅटरी वरून तशीच पाझरत होती. नवीन भाग बिचारा त्याच आम्लाखाली जाऊन बसला. त्या दोन्ही खेपांना मी समोर उभी असताना सगळं समजावून सांगितलं ते माझ्या नवऱ्याला. गाडी माझ्या नावावर, चालवते मी, थांबले मी. हेही तुला पुढे कामी येणार आहे म्हणून सांगते.

माझं म्हणणं एवढंच: आधी दुखणं बरं कर, मग जागा बदल. उलट केलंस तर दुखणंही नव्या जागी राहायला जाईल.

आता तू म्हणशील, मी मेकॅनिकल शिकले आहे, मला काय सांगतेस. बरोबर आहे. कर्वेनगरच्या कमिन्स कॉलेजमध्ये चार वर्षं गेलीस, आणि त्याच नावाचं इंजिन आज तुझ्या दारात उभं आहे. पुण्यात कोथरूडला १९६२ साली किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली, तेव्हापासून आपल्याकडच्या किती घरांची चूल त्या नावावर पेटली. तुझ्या रॅम पिकअपचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरी इंजिन बनायचं ते वेल्सबरोला, माझ्या घरापासून मोटारीनं थोड्याच अंतरावर. त्या कारखान्यावरून जाताना मला दर वेळी तुझं कॉलेजचं ओळखपत्र आठवतं. पण कॉलेजात आपण इंजिन शिकतो. ते जुनं होताना कसं वागतं, ते हात काळे झाल्यावरच कळतं. म्हणून थोडं मुळापासून सांगते.

डिझेल इंजिनात 'थ्रॉटल' हा शब्द नुसता सवयीनं आलाय. पेट्रोलच्या गाडीत हवा अडवणारी झडप असते, आपण पाय दाबला की ती उघडते. तुझ्या ५.९ मध्ये तशी झडपच नाही. हवा हवी तेवढी आत येते, कमी-जास्त होतं ते डिझेल. १९९८ च्या आधीच्या रॅममध्ये पेडलची केबल सरळ इंजेक्शन पंपाच्या लिव्हरला बांधलेली असायची. पाय, केबल, पंप, बस. १९९८ च्या मध्यात २४ व्हॉल्व्हचं इंजिन आलं आणि पंपाचा कारभार कॉम्प्युटरकडे गेला. तेव्हापासून केबल पंपापर्यंत जात नाही, एका सेन्सरपर्यंत जाते. सेन्सर कॉम्प्युटरला सांगतो की बाईंनी पाय इतका दाबलाय, आणि डिझेल किती द्यायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. २००२ पर्यंत हा सेन्सर इंजिनाच्या डाव्या अंगाला, डोळ्यांसमोर असायचा. २००३ ला कॉमन रेल आली आणि तो डाव्या बॅटरीच्या ट्रेखाली गेला, प्लॅस्टिकच्या झाकणात. तुझा २००४ चा, म्हणून तुझाही तिथेच.

ती जागा कुणी डोळे मिटून निवडलेली नाही. तिथे टर्बोची धग पोचत नाही, कारण टर्बो आणि एक्झॉस्ट दुसऱ्या अंगाला आहेत. इंजिनाचा हादरा पोचत नाही, कारण सेन्सर बॉडीवर आहे. केबलला फार वळसे नाहीत. म्हणजे जिथे हलवशील तिथे या तिन्ही गोष्टी मिळायला हव्यात. त्या मिळून वर आम्लापासून सुटका आणि हात पोचण्याची सोय झाली, तरच हलवण्यात अर्थ आहे. त्यातली एकही गमावणार असशील, तर आहे ती जागा बरी.

आत काय चालतं तेही लक्षात घे. कॉम्प्युटर सेन्सरला ५ व्होल्ट देतो. पाय वर असताना सिग्नलच्या तारेवर साधारण अर्धा व्होल्ट, तळाला नेलास की चढत चढत चारच्या आसपास. नेमके आकडे तुझ्या वर्षाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घे, माझ्या तोंडचे धरू नकोस. त्यासोबत दुसरी एक साक्ष असते: पाय पेडलवर आहे की नाही, हे सांगणारा स्विच. दोन साक्षी जुळल्या नाहीत, की कॉम्प्युटर तुझ्या पायावर विश्वासच ठेवत नाही, इंजिनाला संथ चालीवर बसवून ठेवतो. इंटरस्टेटवर माझ्याशी तो असाच वागला. तेव्हा तो शत्रू वाटला. आता वाटतं, खोट्या निरोपावर गाडी पळवण्यापेक्षा थांबवणं शहाणपणाचं.

पण बघ, अर्धा व्होल्ट म्हणजे किती नाजूक गोष्ट! पिनेवर गंजाचा पातळसा थर, एखादी ढिली क्लिप, केबलच्या आवरणात गोठलेलं पाणी, यांतलं काहीही पुरतं. आपल्याकडे मिस्त्री म्हणतात ना, "ताई, लूज कॉन्टॅक्ट आहे," तोच हा. आणि लूज कॉन्टॅक्टवर ड्रिल हा इलाज नाही.

म्हणून शनिवारच्या आधी एवढं कर.

पहिलं, गाडी काय म्हणते ते ऐक. इंजिन सुरू न करता किल्ली लवकर लवकर चालू-बंद, चालू-बंद, आणि शेवटी चालूवर ठेव. किलोमीटर, म्हणजे इथले मैल, दिसतात त्या खिडकीत कोड येतील. पी ०१२१, पी ०१२२, पी ०१२३ यांतलं काही दिसलं तर दुखणं या सेन्सरच्या वाटेवर आहे. ०१२२ म्हणजे व्होल्टेज फार कमी, ०१२३ म्हणजे फार जास्त. कोड सेन्सरचा आला म्हणजे सेन्सर मेला असं नव्हे हं. तार तुटली तरी तोच कोड, पिन गंजली तरी तोच. कोड गल्लीचं नाव सांगतो, घर आपण शोधायचं. वहीत तारीख घालून लिहून ठेव. आणि त्या खिडकीत काहीच आलं नाही, तर डिझेलचा फिल्टर आणि पंपही बघ. पण सेन्सर सुटला असं समजू नकोस.

दुसरं, बॅटऱ्या. तुझ्या गाडीत दोन आहेत, आणि त्या जोडीनं काम करतात. एकीची निगेटिव्ह काढून भागत नाही, दुसरीकडून वीज वाहत राहते. दोन्हींच्या निगेटिव्ह केबल आधी काढायच्या, टोकांना कापड गुंडाळून बाजूला सारायच्या. हातमोजे आणि गॉगल घालून खायच्या सोड्याच्या पाण्यानं बुरशी धू. फेस येईल, येऊ दे, तो थांबेपर्यंत धू. सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणातून आत मात्र जाऊ देऊ नकोस. मग डावी बॅटरी उचलून ट्रेखाली टॉर्च मार. उचलताना कमरेतून वाकू नकोस, गुडघ्यातून बस. बॅटरी फुगलेली किंवा पाझरणारी असेल तर ती आधी बदल. ती न बदलता पुढचं काही करणं म्हणजे फुटक्या माठाखाली नवं कापड घालणं.

तिसरं, कनेक्टर आणि केबल. सेन्सरपर्यंत हात घालायची वाट डाव्या पुढच्या चाकावरून आहे. चाक काढायचं असेल तर गाडी स्टँडवर घे. नुसत्या जॅकवर असताना खाली हातसुद्धा घालायचा नाही, हे मी तुला शपथ घालून सांगते. कनेक्टर उघडून पिना बघ. हिरव्या पडल्या असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनरनं स्वच्छ कर. खाल्ल्या असतील तर कनेक्टरचं तोंडच नवं लाव. मग कुणाला तरी पेडल सावकाश दाबायला सांग आणि तू लिव्हर बघ. ती तळापर्यंत जाते का? पाय काढल्यावर चटकन आपल्या मुक्कामी परत येते का? अडखळत असेल तर केबल खराब आहे, सेन्सर नव्हे.

चौथं, मीटर लाव. किल्ली चालू, इंजिन बंद, पेडल सावकाश खाली. व्होल्टेज जिना न चढता घसरगुंडीसारखं सलग चढलं पाहिजे. मधे कुठे टपकन शून्याला आलं, तर सेन्सर आतून झिजलाय. सलग चढतंय, पण तार हातानं हलवली की उडी मारतं, तर वायरिंग. काटेवाला मीटर मिळाला तर फारच छान, काट्याची उडी डोळ्याला लगेच दिसते.

एवढं करायला दोन तास लागतील. माझ्या वेळी हे दोन तास कुणी दिले असते, तर एक अख्खी असेंब्ली आणि एक महिन्याची भीती वाचली असती.

समजा, दुखणं सापडलं आणि बरंही झालं. मग जागा बदलायची का? मी बदलली. गाडी नीट चालू लागल्यावर, वसंतात, बर्फ आणि रस्त्यावरचं मीठ सरल्यावर. कारण एकच होतं: जे नजरेआड असतं त्याची काळजी आपण घेत नाही, हे मला स्वतःबद्दल कळलं होतं. मला ते बॉनेट उघडताच दिसायला हवं होतं. तुझंही कारण असंच ठरलं, तर मी तुझ्या बाजूची. पण कसं करायचं ते नीट ऐक.

सेन्सर त्याच्या ब्रॅकेटवरून सुटा करायचा नाही. त्याला पकडणारे स्क्रू बघून तुझा हात शिवशिवेल, मला ठाऊक आहे. तो सेन्सर त्याच ब्रॅकेटवर बसवून जुळवलेला असतो. स्क्रू सैल झाले की अर्ध्या व्होल्टचा हिशेब बिघडला. हलवायची ती लिव्हर, ब्रॅकेट, सेन्सर अशी सगळी असेंब्ली, जशीच्या तशी. पेडललाच सेन्सर असतो तसा दुसऱ्या वर्षाच्या गाडीतला भाग आणून लावू, असं कुणी सुचवलं तर नको म्हण. वर्षागणिक या सेन्सरची भाषा बदलली आहे, तुझ्या कॉम्प्युटरला ती कळेलच असं नाही.

आणि तुझी गाडी सहा गियरची, हातानं गियर टाकायची आहे म्हणून मी हो म्हणतेय. ऑटोमॅटिक असती तर थांबवलं असतं. काही वर्षांच्या गाड्यांत याच लिव्हरवर गियरबॉक्सचीही केबल असते, आणि ती थोडी जरी चुकली तरी गियरबॉक्स जळू शकतो. एखाद्या मैत्रिणीला हे काम शिकवायला जाशील तेव्हा हे विसरू नकोस.

जागा निवडताना केबलला विचार, कारण तिची लांबी ठरलेली आहे. केबल जिथवर सहज जाते, ताटाच्या काठाएवढा मोठा वळसा घेऊन, तिथेच सेन्सर. कोपऱ्यावर मुडपलेली केबल आज चालेल आणि थंडीत अडकेल, आणि अडकलेली केबल म्हणजे पाय उचलला तरी पळणारी गाडी. ती भीती माझ्या अनुभवापेक्षाही वाईट. डाव्या फेंडरच्या आतल्या पत्र्यावर, वरच्या बाजूला मला जागा मिळाली. तुझ्या गाडीत आधी दोरी लावून मापून बघ. स्टिअरिंगचा दांडा आणि ब्रेकच्या नळ्या डाव्या अंगालाच आहेत, कारण इथे चालक डावीकडे बसतो. पुण्याची गाडी डोक्यात ठेवून हात घालू नकोस. त्या दोन्हींपासून केबल, तार, ब्रॅकेट सगळं लांब. भोक पाडण्याआधी पत्र्याच्या पलीकडे काय आहे ते हात फिरवून बघ. पाडल्यावर उघड्या लोखंडाला तिथल्या तिथे रंग लाव, नाहीतर इंडियानाचं मीठ दोन हिवाळ्यांत भोकाचं खिंडार करतं.

पट्टी जाड घे. हातानं वाकली तर ती पट्टी नव्हेच. केबल ओढली की ब्रॅकेट केसभरही हलता कामा नये, कारण ब्रॅकेट हलला तर तो पायाचा निरोप खातो. नायलॉक नट वापर. खाली रबर घालायचा मोह होईल, पण मऊ रबरावर बसलेला सेन्सर डुलतो, म्हणून नको. सेन्सर बॉडीवरच ठेव, इंजिनावर नको.

आता तारा. शक्य तितक्या कमी लांबवायच्या. मूळ तारेइतक्याच जाडीची, त्याच रंगाची तार आण. रंग मिळाला नाही तर दोन्ही टोकांना चिठ्ठी बांध. एका वेळी एकच तार काप आणि जोड. सगळ्या एकदम कापून मग जुळवत बसू नकोस. सगळे सांधे एकाच ठिकाणी न येता थोडे पुढे-मागे येऊ देत, म्हणजे गाठीसारखा फुगा होत नाही. सांधा क्रिम्पचा घे, वरून आतल्या बाजूला गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह गरम करून बसव. नुसती चिकटपट्टी गुंडाळू नकोस गं, ती पहिल्या उन्हाळ्यात सुटते. आणि एक चूक पुष्कळजण करतात: सेन्सरची अर्थ तार जवळच्या पत्र्याला जोडून टाकतात. ती कॉम्प्युटरकडेच परत गेली पाहिजे. पत्र्यावरच्या अर्थला अल्टरनेटरचा गोंधळ ऐकू येतो, आणि तो गोंधळ तुझ्या पायाच्या निरोपात मिसळतो. अल्टरनेटरच्या जाड केबलपासून या तारा दूरच ने. कनेक्टरचं तोंड खाली, आणि त्याआधी तारेला थोडा झोल, म्हणजे पाणी झोलावरून गळून पडेल, आत शिरणार नाही.

बसवून झालं की केबल तपास. पाय वर असताना लिव्हर स्वतःच्या थांब्यावर पूर्ण टेकलेली हवी आणि केबलला किंचित सैलपणा हवा. पेडल तळाला असताना लिव्हर शेवटापर्यंत गेलेली हवी, पण केबलनं ब्रॅकेटला खेचता कामा नये. चटई काढून बघ, चटई घालूनही बघ.

मग बॅटऱ्या जोड आणि कॉम्प्युटरला नवी ओळख करून दे. किल्ली चालू, इंजिन बंद. पेडल सावकाश तळापर्यंत, सावकाश वर, आणि किल्ली बंद. एवढंच. पण घाई नको, त्या एका हेलपाट्यात तो तुझ्या पायाची सुरुवात आणि शेवट शिकतो. ही पायरी राहिली म्हणून चांगलं काम बिघडलेलं मी पाहिलंय. नंतर मीटर लावून तीच घसरगुंडी पुन्हा बघ आणि जुन्या आकड्यांशेजारी वहीत लिही.

पहिल्यांदा इंजिन सुरू करशील तेव्हा गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे, समोर कुणी उभं नाही. दुसरं माणूस किल्लीपाशी हवं, हात किल्लीवरच ठेवून. इंजिन आपणहून चढायला लागलं तर लगेच बंद. मग तुमच्या शेतातल्या वाटेवर अर्धा तास फिरव. खड्ड्यातून घाल, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळव, उभी राहून खाली काही घासतंय का बघ. त्यानंतर आठवडाभर गावातल्या गावात, ट्रेलरशिवाय. बाजाराच्या दिवशी दुधी-कारली घेऊन थेट हायवेला निघू नकोस. तो आठवडा भाजी तुझा नवरा मोटारीनं नेईल, दोन फेऱ्या जास्त होतील इतकंच.

आणि हे सगळं वाचून वाटलं, की नाही ताई, हे माझ्यानं होणार नाही, तरी त्यात कमीपणा नाही. मग गॅरेजमध्ये जा, पण ती वही घेऊन जा. कोड, तारखा, मीटरचे आकडे समोर ठेव आणि म्हण, "सेन्सर बदलण्याआधी मला कनेक्टरच्या पिना दाखवा." ते नवऱ्याकडे वळून बोलू लागले, तर तू पुढे हो आणि म्हण, "गाडी माझी आहे, मला सांगा." आवाज चढवू नकोस, जागचीही हलू नकोस. पहिल्यांदा मला हे जमलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा मी मीटरचा आकडा सांगितला, आणि त्या माणसाची मान माझ्याकडे वळली ती वळलीच.

बाबा दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून यायचे, हात रॉकेलनं धुवायचे, तरी नखांत काळं राहायचंच. आठवतं? आपली सायकल बिघडली की आपण पाना घेऊन धावायचो, आणि ते आधी पाना काढून घ्यायचे. म्हणायचे, आधी हात लाव, मग पाना. चाक हातानं फिरव, साखळी हातानं ओढ, कुठे अडतंय ते बोटाला कळू दे. मी अमेरिकेला निघाले तेव्हा त्यांनी माझ्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी दहा-अकराचा पाना ठेवला होता, फडक्यात गुंडाळून. आई रागावली होती, वजन वाढतं म्हणून. इंटरस्टेटच्या त्या दिवसानंतर मी पहिल्यांदा तो फडक्यातून काढला. बॅटरीच्या नटाला लागला.

शनिवारी सकाळी नऊला मी पोचते. तोवर कोड वहीत लिहून ठेव आणि खायच्या सोड्याचं मोठं पाकीट आणून ठेव. ड्रिल खोक्यातच राहू दे, दुपारनंतर लागलं तर काढू. पाना मी घेऊन येते.